डेट्रॉइटच्या पोटातले मीठ : मोटारीचा रंग, हिवाळा आणि गंजाचा इतिहास

अमेरिकेतील डेट्रॉइट हे शहर मोटारींचे माहेरघर म्हणून जगाला परिचित आहे. त्याच्या रस्त्यांखाली सुमारे साडेतीनशे मीटर खोलीवर मिठाची एक विस्तीर्ण खाण आहे, ही गोष्ट मात्र फारशी कोणाला ठाऊक नसते. सुमारे चाळीस कोटी वर्षांपूर्वी त्या प्रदेशात उथळ समुद्र होता. तो आटत गेला, मिठाचे थर साचत गेले आणि कालांतराने त्यांवर खडकांचे आवरण चढले. १९०६ साली या थरांपर्यंत पोहोचण्यासाठी उभे विवर खणण्यास आरंभ झाला आणि १९१० च्या सुमारास खाणीतून मीठ वर येऊ लागले. हेन्री फोर्ड यांची ‘मॉडेल टी’ १९०८ साली याच शहरात जन्मास आली. मोटार आणि तिला पुढे पोखरणारे मीठ ही दोन्ही अशा रीतीने एकाच शहरातून, जवळजवळ एकाच वेळी बाहेर पडली. त्यांची खरी गाठ पडण्यास मात्र आणखी तीस वर्षे जावी लागली.

कडाक्याच्या हिवाळ्यात मोटारीचा रंग कसा जपावा, हा प्रश्न वरवर पाहता घरगुती वाटतो. थोडे मेण, थोडे पाणी आणि एक मऊ फडके यांत त्याचे उत्तर संपते, असा समज आहे. त्या उत्तरामागे विद्युतरसायन, धातुशास्त्र आणि सार्वजनिक धोरण यांचा शंभर वर्षांचा इतिहास उभा आहे. हिमालयातील उंच रस्ते बारमाही वाहतुकीसाठी खुले होत असताना तो इतिहास भारतातील वाचकांनी जाणून घेणे अगत्याचे आहे.

◾ वार्निशाचे दिवस

आरंभीची मोटार ही घोडा काढून घेतलेली बग्गीच होती आणि तिचा रंगही बग्गीचाच होता. जवसाच्या तेलात कालवलेले रंगद्रव्य, त्यावर वार्निश, प्रत्येक हातानंतर वाळण्याची प्रतीक्षा, मग प्युमिस दगडाच्या भुकटीने घासणे आणि पुन्हा नवा हात, असा तो क्रम चाले. एका गाडीला रंग देण्यात आठवडेच्या आठवडे जात. जवसाचे तेल हवेतील प्राणवायू शोषून हळूहळू घट्ट होते. त्या क्रियेला घाई चालत नाही. एवढ्या कष्टाने लावलेला लेप उन्हाने पिवळा पडे आणि त्याला तडे जात.

या रंगाला हिवाळ्याचा मोठा त्रास नव्हता, कारण हिवाळ्यात गाडी रस्त्यावर येतच नसे. गाड्या बहुधा उघड्या होत्या आणि रस्ते बर्फाखाली जात. अमेरिकेच्या ईशान्य भागात त्या काळी बर्फ हटविण्याऐवजी लाकडी रूळ फिरवून तो दाबला जाई, कारण घोड्यांच्या घसरगाड्यांना दडपलेला बर्फच सोयीचा होता. मोटारवाले आपली गाडी थंडीत ठोकळ्यांवर चढवून, झाकून ठेवीत आणि वसंत ऋतूत बाहेर काढीत.

‘मॉडेल टी’ १९१४ ते १९२५ या काळात केवळ काळ्या रंगात मिळे. स्वस्त, टिकाऊ आणि भट्टीत भाजता येणारा काळा एनॅमल हा मोठ्या प्रमाणावरील उत्पादनास मानवला होता. पुढे ड्यूपॉन्ट कंपनीने नायट्रोसेल्युलोजपासून ‘ड्यूको’ नावाचा लॅकर तयार केला. चित्रपटाच्या फितीसाठी जे द्रव्य वापरले जाई, त्याच कुळातील हा पदार्थ होता. जनरल मोटर्सने तो १९२३ च्या सुमारास आपल्या ‘ओकलंड’ गाड्यांवर निळ्या रंगात आणला. द्रावक उडून गेला की हा लेप वाळे, त्यामुळे आठवड्यांचे काम तासांवर आले. त्याच दशकात बंद छताच्या गाड्यांचे युग सुरू झाले. १९२० च्या आसपास अमेरिकेत दहांपैकी एखादीच गाडी बंद असे; त्या दशकाच्या अखेरीस उघडी गाडी दुर्मीळ झाली. घराप्रमाणे ऊबदार असलेली गाडी हिवाळ्यात झाकून ठेवण्याचे कारण उरले नाही. लोक थंडीत प्रवास करू लागले आणि रस्ता बर्फमुक्त असलाच पाहिजे, अशी अपेक्षा रूढ झाली.

◾ मिठाचा निर्णय

पाण्यात मीठ विरघळले की पाण्याचा गोठणबिंदू खाली उतरतो, हे ज्ञान फार जुने आहे. अठराव्या शतकात डॅनिएल फॅरनहाइट यांनी आपल्या तापमापकाचा शून्य अंश ठरविताना बर्फ आणि नवसागर यांच्या मिश्रणाचा आधार घेतला होता. १८८० च्या दशकात फ्रान्सचे रसायनशास्त्रज्ञ फ्रान्स्वा राऊल यांनी या घटनेला संख्यात्मक नियमाचे रूप दिले : गोठणबिंदू किती उतरेल, हे विरघळलेल्या कणांच्या संख्येवर अवलंबून असते. साधे मीठ पाण्यात गेले की त्याचे सोडियम आणि क्लोराइड असे दोन आयन होतात, म्हणून ते विशेष परिणामकारक ठरते. सुमारे २३ टक्के मीठ असलेले पाणी उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत गोठत नाही. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे ९–१० अंशांच्या खाली मिठाचे काम फार मंदावते.

न्यू हॅम्पशर राज्याने १९३८ साली महामार्गांवर मिठाचा प्रयोग केला. १९४१–४२ च्या हिवाळ्यात संपूर्ण अमेरिकेच्या महामार्गांवर मिळून सुमारे ५,००० टन मीठ पसरले गेले. दुसऱ्या महायुद्धानंतर मोटारी वाढल्या, उपनगरे वाढली, आणि हिमवर्षावानंतर काही तासांत काळाभोर डांबरी रस्ता दिसलाच पाहिजे, हे धोरण सर्वमान्य झाले. अलीकडच्या काळात त्या देशात वर्षाला सुमारे दोन कोटी टन मीठ रस्त्यांवर पडते, असा अंदाज दिला जातो. डेट्रॉइटच्या खाणीतील मीठही याच कामी येते.

या निर्णयाने असंख्य अपघात टळले, रुग्णवाहिका वेळेवर पोहोचू लागल्या आणि बाजार चालू राहिले. हे त्याचे श्रेय नाकारता येणार नाही. परंतु रस्ता मोकळा करण्याचा खर्च त्यामुळे संपला नाही. त्यातील मोठा वाटा रस्त्याच्या हिशेबातून निघून मोटारीच्या पत्र्यावर, पुलांतील सळ्यांवर आणि ओढ्यानाल्यांच्या पाण्यावर जाऊन पडला.

◾ एका थेंबातील विद्युतघट

मीठ लोखंडाला खाते, असे सर्रास म्हटले जाते. रसायनशास्त्राच्या दृष्टीने लोखंडाला गंजविण्याचे काम पाणी आणि प्राणवायू करतात. मीठ त्यांना वाट मोकळी करून देते. अमेरिकी रसायनशास्त्रज्ञ विलिस व्हिटनी यांनी १९०३ साली लोखंडाचे गंजणे ही विद्युतरासायनिक क्रिया असल्याचे मांडले. केंब्रिज येथील युलिक इव्हान्स यांनी १९२० च्या दशकात हीच गोष्ट एका थेंबात दाखवून दिली.

तो प्रयोग आजही शाळा-महाविद्यालयांच्या प्रयोगशाळेत सहज करता येतो. घासून स्वच्छ केलेल्या लोखंडी पट्टीवर मिठाच्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा. त्या पाण्यात आधीच फिनॉल्फथॅलीन आणि पोटॅशियम फेरिसायनाइड हे दोन सूचक मिसळलेले असतात. काही वेळाने थेंबाच्या मध्यभागी निळा रंग उमटतो आणि कडेला गुलाबी. मध्यभागी प्राणवायू कमी पोहोचतो. तेथे लोखंड आपले इलेक्ट्रॉन सोडून आयनरूपाने विरघळते, त्याची खूण निळा रंग. कडेला प्राणवायू मुबलक असतो; तेथे तो इलेक्ट्रॉन स्वीकारतो आणि अल्कली तयार होते, तिची खूण गुलाबी रंग. दोन्ही प्रदेशांच्या मध्ये कालांतराने तांबूस गंजाचे कडे उमटते. एका थेंबात धन आणि ऋण अग्र असलेला पूर्ण विद्युतघट उभा राहतो. मीठ त्या घटातील विद्युतवाहक द्रव पुरवते, आणि क्लोराइड आयन धातूवरील नैसर्गिक संरक्षक पापुद्राही भेदून टाकतो.

हे समजले की मोटारीच्या रंगावरील एका बारीक चऱ्याचे महत्त्व ध्यानात येते. पुढच्या वाहनाच्या चाकाने उडविलेली खडी रंगाचा टवका काढते. कडक थंडीत रंगाचा लेप ताठर होतो, त्यामुळे टवके अधिक सहज उडतात. उघड्या पडलेल्या बिंदूवर खारट चिखल बसतो. तेथे लोखंड विरघळू लागते आणि आजूबाजूच्या रंगाखाली शिरलेल्या ओलाव्यात अल्कली साचते. ही अल्कली रंगाची पकड सैल करते. शिवाय गंजाचे आकारमान मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक असते. तो फुगतो आणि रंगाला आतून उचलतो. बाहेरून मोहरीएवढा दिसणारा फोड आत बराच पसरलेला असतो, तो यामुळेच.

ओलावा किती काळ टिकतो, यावर पुढचे सारे ठरते. साधे शुद्ध मीठ हवेतील सापेक्ष आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेल्यावर पाणी ओढून घेते. मॅग्नेशियम क्लोराइडला मात्र ३३ टक्के आर्द्रताही पुरते. पावसाळ्यात स्वयंपाकघरातील खड्या मिठाला पाणी सुटते, त्याचे कारण त्यात उरलेले मॅग्नेशियमचे क्षार हेच आहे. शीत प्रदेशांत अधिक खालच्या तापमानावर बर्फ वितळावा म्हणून कॅल्शियम आणि मॅग्नेशियम क्लोराइड पसरले जातात, तेव्हा गाडीच्या पत्र्याच्या घड्या कोरड्या दिवसांतही ओल्या राहतात. कोकणातील किनाऱ्यावर समुद्राचा खारा वारा गाडीला जे करतो, तेच कॅनडात रस्त्यावरील मीठ करते. समुद्राच्या मिठातही मॅग्नेशियम असतेच.

आणखी एक गोष्ट प्रथमदर्शनी उलटी वाटेल. गोठलेल्या गाडीवर गंज फार हळू चढतो, कारण थंडीत रासायनिक क्रिया मंद होतात आणि गोठलेल्या पाण्यात आयनांची हालचाल आखडते. तीच गाडी खारट बर्फासह ऊबदार गॅरेजमध्ये आणली की बर्फ वितळतो, खारे पाणी सांध्यासांध्यांत झिरपते आणि उबेमुळे क्रियेला वेग येतो. धुतल्यावाचून ऊबेला ठेवलेली गाडी बाहेर गारठलेल्या गाडीपेक्षा लवकर गंजू शकते.

◾ थरांची उतरंड

१९६० आणि १९७० च्या दशकांत उत्तर अमेरिकेत गंजाने जाळी पडलेल्या गाड्यांविषयी मोठा असंतोष पसरला. चार-पाच हिवाळ्यांत दारांचे खालचे काठ आणि चाकांवरचे पंख आरपार सडत. ग्राहकांच्या संघटना उभ्या राहिल्या आणि कॅनडात गाडी किती वर्षे गंजाविना टिकली पाहिजे, याचे निकष पुढे आले. आज गाडीच्या अंगावर दिसणारा रंग म्हणजे या तक्रारींना रसायनशास्त्राने दिलेल्या उत्तरांची उतरंड आहे. ती तळापासून पाहणे उचित ठरेल.

सर्वांत खाली जस्त असते. जस्त लोखंडापेक्षा अधिक सहजतेने इलेक्ट्रॉन सोडते. त्यामुळे ओरखडा लोखंडापर्यंत गेला तरी आधी जस्त विरघळते आणि लोखंड वाचते. एका धातूच्या बलिदानाने दुसरा वाचविण्याचे हे तत्त्व हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ साली ब्रिटिश आरमारासाठी मांडले होते. जहाजांच्या तळाचा तांब्याचा पत्रा वाचविण्यासाठी त्यांनी त्याला लोखंड आणि जस्त यांचे तुकडे जोडून पाहिले. तांबे वाचले; पण ते विरघळेनासे झाल्यामुळे तळाला शंख-शिंपले चिकटू लागले आणि जहाजांची गती मंदावली. १८३७ साली फ्रान्सचे स्तानिस्लास सोरेल यांनी लोखंडावर वितळलेल्या जस्ताचा मुलामा देण्याच्या पद्धतीचे पेटंट घेतले. मोटारीच्या संपूर्ण सांगाड्याला हे कवच मिळण्यास त्यानंतर जवळजवळ दीड शतक लागले. पोर्शे कंपनीने १९७० च्या दशकाच्या मध्यास आणि ऑडीने १९८० च्या दशकाच्या मध्यास आपल्या गाड्यांसाठी जस्त चढविलेला पोलादी पत्रा सर्वत्र वापरण्यास आरंभ केला.

या जस्ताच्या कथेचा एक आरंभ भारतात आहे. जस्ताचे खनिज कोळशाबरोबर तापविले की ज्या तापमानाला धातू सुटा होतो, त्या तापमानाला तो वायुरूप असतो आणि हवेशी संयोग पावून नाहीसा होतो. राजस्थानात उदयपूरजवळील जावर येथील कारागिरांनी मध्ययुगातच मातीच्या मुशींतून ही वाफ खालच्या बाजूस उतरवून थंड करण्याची युक्ती साधली होती आणि मोठ्या प्रमाणावर जस्त काढले होते. तेथील भट्ट्यांचे अवशेष आजही पाहावयास मिळतात.

जस्तावर फॉस्फेटचा स्फटिकमय थर येतो. १९०६ साली इंग्लंडमधील टॉमस कॉसलेट यांनी लोखंडाला फॉस्फोरिक आम्लाची प्रक्रिया देण्याचे पेटंट घेतले. आजची जस्त-फॉस्फेट पद्धत हा त्याचाच विस्तार होय. हा खरखरीत थर वरच्या रंगाला धरून ठेवतो आणि गंजाला रंगाखाली पसरू देत नाही. दिल्लीच्या लोहस्तंभाशी याचे एक दूरचे नाते आहे. सुमारे सोळाशे वर्षे उघड्यावर उभ्या असलेल्या त्या स्तंभाच्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण जास्त आहे. आयआयटी कानपूरचे धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी त्याच्या पृष्ठभागावरील संरक्षक थराचा अभ्यास करून या फॉस्फरसची भूमिका उलगडून दाखविली. दिल्लीच्या कोरड्या हवेचाही त्या टिकण्यात वाटा आहे.

त्यावरचा थर बहुधा गाडीच्या मालकाने कधीच पाहिलेला नसतो. गाडीचा संपूर्ण सांगाडा पाण्यात मिसळलेल्या रंगाच्या प्रचंड टाकीत बुडविला जातो आणि काहीशे व्होल्टचा विद्युतप्रवाह सोडला जातो. रंगाचे विद्युतभारित कण पत्र्याकडे ओढले जाऊन त्यावर बसतात. जेथे थर बसला तेथे विद्युतरोध वाढतो, म्हणून प्रवाह आपोआप उरलेल्या उघड्या जागांकडे वळतो. ज्या पोकळीत फवारा पोहोचू शकत नाही, तेथेही अशा रीतीने सुमारे २० मायक्रोमीटर जाडीचा लेप बसतो. फोर्ड कंपनीत जॉर्ज ब्रूअर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी ही पद्धत उभी केली. त्या वेळी गाडी धन अग्राला जोडलेली असे, त्यामुळे थोडे लोखंड विरघळून लेपात मिसळे. १९७० च्या दशकात अग्रे उलटविली गेली, गाडी ऋण अग्र झाली आणि गंजाविरुद्धचे संरक्षण लक्षणीयरीत्या वाढले. हिवाळ्यातील गाड्यांचे आयुष्य वाढविणाऱ्या सुधारणांत हा बदल अग्रभागी आहे.

त्यावर अस्तर, मग प्रत्यक्ष रंगछटा आणि सर्वांत वर पारदर्शक लेप येतो. १९८० च्या दशकात सर्वत्र पसरलेल्या या पारदर्शक लेपात अतिनील किरण शोषणारी द्रव्ये असतात. फॉस्फेटपासून वरपर्यंतच्या साऱ्या थरांची एकत्र जाडी साधारण ०.१ ते ०.१५ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या एक-दोन केसांएवढी भरते. वरचा पारदर्शक लेप तर साधारण ४० ते ५० मायक्रोमीटरचाच असतो. तोच रोजच्या हाताळणीत मालकाच्या ताब्यात राहणारा भाग होय.

◾ मालकाच्या हातातील शेवटचा थर

गाडीच्या रंगावर मेण लावण्याची प्रथा बरीच जुनी आहे. ब्राझीलमधील एका ताडवर्गीय झाडाच्या पानांवरून मिळणारे कार्नोबा मेण सुमारे ८२ ते ८६ अंशांना वितळते, म्हणून ते उन्हातही टिकते आणि घासले की चकाकते. पाण्याला ते दूर सारते. थेंब गोळा होऊन घरंगळतात आणि खारट चिखलाला घट्ट बसण्यास जागा मिळत नाही. परंतु मेण हा काही आठवड्यांचाच सोबती असतो. ते टवका भरत नाही आणि पत्र्याच्या आतल्या घड्यांपर्यंत पोहोचत नाही. गाडी धुणे सोपे करणे, एवढेच त्याचे खरे कार्य आहे.

वर सांगितलेल्या रसायनशास्त्रातूनच हिवाळ्यातील जपणुकीचे नियम निघतात. थंडी पडण्यापूर्वी गाडी नीट धुऊन टवक्यांवर रंगाचा बिंदू द्यावा, कारण गंजाचा घट तेथेच उभा राहतो. मग मेणाचा किंवा तत्सम कृत्रिम लेपाचा हात द्यावा. हिवाळ्यात तापमान शून्याच्या वर असलेला दिवस साधून गाडी धुवावी आणि त्यात चाकांच्या कमानी, दारांचे खालचे काठ व गाडीचा तळ यांवर पाण्याचा अधिक मारा करावा. भांडी घासण्याचा साबण मेणही काढून टाकतो, म्हणून तो टाळावा. गोठलेला बर्फ खरवडून काढू नये. त्यात अडकलेली वाळू पारदर्शक लेपावर जाळीदार ओरखडे उमटवते. उकळते पाणी ओतल्याने काचेला तडा जाऊ शकतो. दारांच्या तळाशी पाणी निचरण्यासाठी ठेवलेली छिद्रे मोकळी ठेवावीत. ती बुजली की खारे पाणी आत कोंडते आणि उत्तमातील उत्तम रंगही बाहेरून काही करू शकत नाही.

◾ मीठ गेले कुठे?

मोटार वाचली; मीठ मात्र नाहीसे झाले नाही. वितळलेल्या बर्फाबरोबर ते मातीत, ओढ्यांत आणि भूजलात गेले. क्लोराइड मातीत फारसे धरले जात नाही, सूक्ष्मजीव त्याचे विघटन करू शकत नाहीत आणि साध्या गाळणीने ते वेगळे होत नाही. कॅनडाच्या शासनाने २००१ साली आपल्या मूल्यमापनात रस्त्यावरील मीठ पर्यावरणास हानिकारक असल्याचा निष्कर्ष काढला. २००५ साली सुजय कौशल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ईशान्य अमेरिकेतील गोड्या पाण्याचे प्रवाह वर्षानुवर्षे खारट होत चालल्याचे दाखवून दिले. उन्हाळ्यातही त्यांची क्षारता पूर्वपदावर येत नाही, कारण भूजलात साठलेले मीठ हळूहळू पाझरत राहते.

डेट्रॉइटपासून शंभर-सव्वाशे किलोमीटरवर असलेल्या फ्लिंट या मोटार-नगरीत या इतिहासाने एक कटू वळण घेतले. २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्च वाचविण्यासाठी शहराला फ्लिंट नदीचे पाणी देण्यास आरंभ झाला. त्यात क्लोराइडचे प्रमाण जास्त होते. रस्त्यांवरून वाहून येणारे मीठ हे त्याचे एक कारण आणि शुद्धीकरणात वापरलेले फेरिक क्लोराइड हे दुसरे. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये तेथील इंजिनांच्या कारखान्याने हे पाणी यंत्रभाग गंजवते म्हणून ते घेणे थांबविले. नागरिकांच्या नळांना मात्र तेच पाणी आणखी एक वर्ष येत राहिले. गंज रोखणारे फॉस्फेट त्यात मिसळले गेले नव्हते. परिणामी जुन्या नळांतील शिसे पाण्यात उतरले आणि मुलांच्या रक्तात पोहोचले. ज्या कुळातील रसायन अनेक मोटारींच्या रंगाखाली असते, ते माणसांच्या पाण्यात घालावयाचे राहून गेले.

◾ हिमालयापुढील प्रश्न

भारतात हा प्रश्न आजवर किनाऱ्यांपुरता होता. तमिळनाडूतील कराईकुडी येथे १९४८ साली पायाभरणी झालेल्या केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्थेने देशभर धातूंचे नमुने उघड्यावर ठेवून भारताचा गंजनकाशा तयार केला. समुद्रकाठी गंजाचा वेग मोठा आणि कोरड्या अंतर्भागात अल्प, हे त्यातून स्पष्ट झाले. उंच हिमालयातील रस्ते हिवाळ्यात बंदच असत, म्हणून तेथे रस्त्यावरील मिठाचा विचार मोठ्या प्रमाणावर करण्याची वेळ आली नव्हती.

ती परिस्थिती आता पालटली आहे. ३ ऑक्टोबर २०२० रोजी रोहतांगखालील ९.०२ किलोमीटर लांबीचा अटल बोगदा खुला झाला आणि हिवाळ्यात महिनोन्‌महिने तुटणारा लाहौलचा प्रदेश मनालीशी जोडलेला राहू लागला. काश्मीरमध्ये सोनमर्गचा बोगदा जानेवारी २०२५ मध्ये सुरू झाला असून पुढे झोजिलाखालील बोगद्याचे काम चालू आहे. बोगद्याच्या आत बर्फ नसतो. पण त्याच्या दोन्ही तोंडांशी, छायेतल्या वळणांवर आणि पुलांवर तो गोठतोच. वाहतूक वाढेल तसतशी तेथे काळ्या डांबराची मागणीही वाढेल. १९३८ साली न्यू हॅम्पशरपुढे जो पर्याय आला, तोच येथेही पुढे येणार आहे.

लडाखच्या कोरड्या हवेत लोखंड मुळात हळू गंजते. तेथे मोटारीच्या रंगाचा मोठा शत्रू सूर्यप्रकाश आहे, कारण दर हजार मीटर उंचीमागे अतिनील किरणांची तीव्रता साधारण १० टक्क्यांनी वाढते आणि लेह सुमारे ३,५०० मीटरवर आहे. रात्रीचा कडाका, दुपारचे ऊन आणि वाऱ्याबरोबर उडणारी वाळू यांनी पारदर्शक लेप झिजतो. अशा प्रदेशात मीठ आणणे म्हणजे जो शत्रू तेथे नव्हता त्याला आमंत्रण देणे होय. मॅग्नेशियम किंवा कॅल्शियम क्लोराइड आणले, तर तेथील कोरड्या हवेचा फायदाही बऱ्याच अंशी हातचा जाईल.

मिठावाचून काहीच करता येत नाही, असे नाही. वाळू आणि बारीक खडी बर्फ वितळवत नाहीत, पण चाकाला पकड देतात. त्यांची किंमत उडणाऱ्या टवक्यांच्या रूपाने रंगाला मोजावी लागते. सुक्या मिठाऐवजी आधीच शिंपडलेले मिठाचे पाणी रस्त्यावर बर्फ चिकटू देत नाही आणि कमी मिठात काम भागवते. हिवाळी टायर, साखळ्या आणि वेगमर्यादा यांचा भार वाहनचालकावर पडतो, पण नदीवर पडत नाही. कोणत्या वळणावर कोणता उपाय योजावा, हे मोजमाप करून ठरविता येते. त्यासाठी ओढ्यांतील क्लोराइडची आजची पातळी आधी नोंदलेली असली पाहिजे. अमेरिकेत आणि कॅनडात ही नोंद ठेवण्याची निकड बऱ्याच उशिरा लक्षात आली.

अटल बोगद्याच्या उत्तर तोंडापासून चंद्रा नदी खाली वाहत जाते, तांदी येथे भागेला मिळते आणि त्यांची चंद्रभागा होते. पुढे तीच चिनाब. पंढरपूरच्या वारकऱ्याला हे नाव परके वाटणार नाही. त्या रस्त्याने हिवाळ्यात जाणाऱ्या गाडीचा रंग कसा जपावा, याचे उत्तर शंभर वर्षांच्या रसायनशास्त्राने देऊन ठेवले आहे. जस्त, फॉस्फेट, विद्युतलेप आणि मेण यांनी गाडी झाकता येते. नदीवर असा कोणताही थर चढविता येत नाही, म्हणून तिच्या काठच्या रस्त्यावर काय पसरावे, याचा निर्णय पहिले पोते फोडण्यापूर्वीच घ्यावा लागेल.

#विज्ञानाचा_इतिहास #विद्युतरसायन #गंज #हिमालय